पोराचं चाक

पनवेलचं चाक म्हणजे चाक, असं त्या काळी घाटावरचे गाडीवानही म्हणत. आणि पनवेलात चाक म्हणजे जगन सुताराचं, असं जगन सुतार म्हणे. दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत म्हणे, एवढाच काय तो फरक. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचं घर होतं, पुढे मांडव, मांडवात बाभळीचे ओंडके. त्याचं नवं चाक आसावर चढवून एका बोटानं ढकललं की फिरत राही. बघणाऱ्याची मान दुखू लागे तरी फिरत राही. "बैलाच्या मानेला मागं गाडी हाय ह्ये कळताच कामा नये," तो सांगे. घरात तो आणि त्याची बायको हौसा, दोघंच. एक मूल झालं होतं. त्याचं नाव त्या घरात अकरा वर्षांत कुणी काढलं नव्हतं.

त्रेपन्न सालची दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. इस्राएल आळीतल्या, म्हणजे कोकणी ज्यूंच्या वस्तीतल्या, मिल्काबाई चेऊलकरांचा मुलगा सॅमसन मांडवात येऊन उभा राहिला. मुंबईत कारकुनी करणारा, बोलताना सारखा घड्याळ बघणारा माणूस.

"जगनदादा, तीन चाकं हवीत. पियानोला."

गावात त्या पियानोला 'साहेबाची म्हैस' म्हणत. काळा, ऐसपैस, तीन पायांवर उभा. मीठखात्यातला गोरा साहेब सत्तेचाळीस साली सामान विकून निघाला, तेव्हा सॅमसनच्या वडिलांनी तो लिलावात घेतला होता, धाकट्या लेकीसाठी, दीनासाठी. दीना मुंबईच्या शाळेत वाजवायला शिकली होती. दोन वर्षं आळीत रोज तिसऱ्या प्रहरी सूर ऐकू येत. कोळणी टोपल्या उतरवून ऐकत उभ्या राहत, आणि मग मासे नासले म्हणून दीनालाच शिव्या देत. एकोणपन्नास साली ती विषमज्वरानं गेली, एकोणीस वर्षांची. पाठोपाठ वडील गेले, आणि म्हशीचं झाकण मिटलं ते मिटलंच.

आता चेऊलकर इस्राएलला जायचे होते. सॅमसनची बायको आणि पोरं आधीच गेली होती. महिनाअखेरीच्या बोटीनं तो आणि आई निघणार. पियानो मुंबईची एक शाळा घ्यायला तयार होती, पण म्हैस घराबाहेर निघेल तर ना! खाऱ्या हवेनं पायांची पितळी चाकं गंजून जाम झाली होती, एक तर फुटून पाय विटेवर टेकवलेला होता. तशी चाकं मुंबईत शोधूनही मिळाली नव्हती.

"ओसरीपर्यंत गडगडत आली, की पुढे शाळेचे हमाल उचलतील," सॅमसन म्हणाला.

जगन बघायला गेला. वाकून त्यानं पियानोच्या पोटाखाली पाहिलं आणि तो पटकन मागे सरला. तीन पाय, तीन चाकं. सुताराच्या हातून अशी एकच वस्तू होते, पांगुळगाडा. लहान मूल ज्याला धरून पहिली पावलं टाकतं तो. अकरा वर्षं त्यानं पांगुळगाडा केला नव्हता. कुणी मागायला आलं तर मांडवात लाकडाचा डोंगर असताना 'लाकूड नाय' म्हणून सांगे. आताही त्याच्या तोंडात नाहीच होतं. पण तेवढ्यात मिल्काबाई चहा घेऊन आल्या. साठीची, सुती लुगड्यातली, हाडानं चिवट बाई. म्हणाल्या, "सॅमसन मुंबईभर हिंडला रे. मी म्हटलं, वेड्या, चाकाचा राजा आपल्या बंदरावर बसलाय."

जगन हरभऱ्याच्या झाडावर चढला. त्याला चढवायला फार मोठी शिडी लागत नसे.

त्यानं शिसवाची मुठीएवढी तीन चाकं केली, त्यांच्यावर लोखंडाची पातळ धाव चढवली. गाडीच्या चाकावर चढवतात तशीच, लाल तापवून, पाण्यात चरचर विझवून. मग पहारीची तरफ देऊन पियानोचा एकेक पाय चार बोटं उचलला, खाली ठोकळे सारले, पायाच्या बुडातली गंजकी वाटी उपटून नवी बसवली, वाटीत फिरता खिळा आणि खिळ्याला चाक. वंगण हात सैल सोडून घातलं. प्रत्येक पाय ठोकळ्यावरून जमिनीवर उतरताना पियानोच्या आतून एक घुमारा उठे, खोल, बराच वेळ न विरणारा. पहिल्यांदा तो उठला तेव्हा मिल्काबाई दारात होत्या. त्या दाराच्या चौकटीला टेकल्या. चार वर्षांत त्या घरात सूर असा तो पहिलाच होता.

शेवटी जगननं एक बोट लावलं आणि ढकललं. म्हैस निघाली. आवाज नाही, खळखळ नाही. हातभर जाऊन थांबली. सॅमसननं टाळी वाजवली. मिल्काबाईंनी तोंडावर हात ठेवला होता.

"राजा आहात," सॅमसन म्हणाला. आणि जगन त्या एका शब्दावर घरापर्यंत तरंगत गेला.

आठव्या दिवशी सॅमसन परत आला. घड्याळ बघत नव्हता.

"आई येत नाही म्हणते. पियानो विकायचाही नाही म्हणते."

"का वो?"

"म्हणते, दीना घरी आलीय." सॅमसन ओंडक्यावर बसला. "पियानो आम्ही भिंतीशी ठेवला होता ना? तो रोज खिडकीशी जातो. खाडीकडची खिडकी. दीना होती तेव्हा तो तिथेच असायचा, तिला वारा लागायचा म्हणून. आई सकाळी दोन्ही हातांनी लोटून भिंतीशी नेते, आणि दुपार कलायच्या आत तो पुन्हा खिडकीशी. पोरीनं एवढा पियानो ढकलत आणला, तिला टाकून मी परमुलखात कशी जाऊ, म्हणते. जगनदादा, माझी बायकोपोरं तिकडे आहेत. बोटीला बारा दिवस राहिलेत. मी गेलो तर ही इथे एकटी मरेल. खरं सांगा, चाकांत काही आहे का?"

पियानो खिडकीशी जातो म्हणताच जगनला कळलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगणही वाकडं होतं आणि नाचणाराही. जुन्या घरांची जमीन धुताना पाणी वाहून जावं म्हणून एका अंगाला किंचित उतरती ठेवतात. आणि जगननं आयुष्यभर जायची चाकं केली होती. एका जागी उभं राहायचं चाक कसं करावं हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. रस्त्यानं मालाची लॉरी गेली, जमीन जरा थरथरली, की म्हशीनं चालू लागावं, एवढी ती चाकं सैल होती.

आणि त्याच्या तोंडून निघालं, "चाकांत दोष नाय."

अगदी हेच शब्द. अकरा वर्षांपूर्वी धक्क्यावर माणसं जमली होती, तेव्हाही त्यानं हेच म्हटलं होतं.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. हौसानं एकदा ताटाकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे, आणि ताट उचललं. त्या घरात प्रश्न विचारायची रीत मोडून गेली होती.

सकाळी हौसा पाण्याला गेल्यावर जगन शिडी लावून माळ्यावर चढला. कोपऱ्यात गोणपाटाखाली तो होता. गोदूचा पांगुळगाडा. तीन चाकं, दांडीवर दोन लाकडी चिमण्या. धक्क्यावरून आणून त्यानंच तो इथे टाकला होता आणि पुन्हा वर पाऊल ठेवलं नव्हतं.

त्याचा बाप सांगायचा, बैलाचं चाक सैल, पोराचं चाक घट्ट. पांगुळगाड्याची चाकं कोरडी आणि आवळून बसवायची; पोरानं जोर लावला तर पाऊलभर जाईल, पोर थांबलं की थांबेल. हे पनवेलातला शेंबडा सुतारही जाणतो. पण गोदू झाली ती लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर. राजाच्या लेकीचा गाडा! त्यानं लोखंडी आस घातला, गाडीचं वंगण घातलं. गोदूनं बोट लावलं की गाडा पळे, ती मागून दुडदुडे, खदखदून हसे, आणि हा मांडवातून शेजाऱ्यांना हाका मारी, बघा बघा म्हणून. एका दुपारी भरतीच्या वेळी गाडा अंगणातून निघाला तो उतारानं थेट धक्क्यापर्यंत गेला. पोरीनं दांडी सोडली नाही. माणसं धावली तेव्हा गाडा पाण्यावर उलटा तरंगत होता आणि त्याची चाकं फिरत होती. ही शेवटची गोष्ट त्याला लोकांनी सांगितली. त्यांना वाटलं, सांगायला हवी.

जगननं गोणपाट बाजूला केलं. अकरा वर्षं तेलपाणी नाही, वर खारा वारा. चाकं दगड झाली असणार. त्यानं बोट लावलं.

चाक फिरलं. फिरत राहिलं.

त्यानं बोट डोळ्यांशी आणलं. बोटाला तेल लागलं होतं.

शिडी तो कसा उतरला हे त्याचं त्याला कळलं नाही. दोन पायऱ्या चुकून गुडघा फुटला. जगन भित्रा नव्हता; अमावास्येला खाडीतून एकटा लाकडं आणणारा माणूस. पण आता एकच गोष्ट त्याला उमगली, की दोन घरांत दोन पोरी आपापल्या चाकांशी आल्या आहेत आणि दोन्ही ठिकाणी चाकं त्याची आहेत.

चार दिवस तो मांडवात नुसता बसून होता. पाचव्या दिवशी जेवणवेळेच्या आधी उठला आणि इस्राएल आळीत गेला.

मिल्काबाई एकट्याच होत्या, आणि खुशीत होत्या. ही खुशी त्याला सगळ्यात जास्त लागली. त्यांनी केस विंचरले होते, खिडकीचे गज पुसले होते, खिडकीत पाण्याच्या पेल्यात शेवंती ठेवली होती.

"बस. वेळ झालीच तिची," त्या म्हणाल्या. जणू शाळेतून यायची वेळ.

पियानो भिंतीशी होता. जगन दाराशी उकिडवा बसला. बाहेर ऊन होतं, खाडीवरून वारा येत होता, कुठेतरी कुणी पापड वाळत घालत होतं. भुताला अशी वेळ कधी कुणी दिली नसेल. मग लांबून लॉरीचा आवाज आला, वाढला, घरावरून गेल्यासारखा गेला. पेल्यातलं पाणी थरथरलं. आणि पियानो निघाला.

हळूच. विचार करून निघावा तसा. चाकांचा आवाज नव्हता, पण आतल्या तारा जाग्या झाल्या होत्या. एक बारीक घुमारा खोलीभर पसरला, पियानोबरोबर चालू लागला. जगनला सगळं ठाऊक होतं, उतार ठाऊक, वंगण ठाऊक, तरी त्याचे दोन्ही हात जमिनीला घट्ट चिकटले. म्हैस खिडकीपाशी आली, तिथल्या दबलेल्या फरशीत चाकं बसली आणि ती थांबली. घुमारा मागाहून थांबला.

"आलीस, बाय?" मिल्काबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पाहून जगनला रडू आलं.

त्या वळल्या. "आता तूच सांग जगन. सॅमसनला त्याची पोरं आहेत. हिला कोण आहे?"

गप्प बसला असता तरी चाललं असतं. कुणी त्याला दोष दिला नसता. उलट राजाच्या चाकांवरून आत्मा घरी आला म्हणून गावात नाव झालं असतं. सॅमसन एकटा बोटीवर चढला असता आणि ही बाई या खोलीत लॉरीची वाट बघत बसली असती, आणखी दहा वर्षं, वीस वर्षं. जगननं उठून कोपऱ्यातला तांब्या घेतला आणि भिंतीपाशी फरशीवर ओतला.

पाणी थोडं थबकलं, मग निघालं. ज्या वाटेनं पियानो गेला त्याच वाटेनं, वळणं न घेता, खिडकीखालच्या दबलेल्या फरशीत जाऊन साचलं.

"बाय, ती नाय आली," जगन म्हणाला. "जमीन उतरती हाय, न् माझी चाकं सैल हायती. सॅमसनशेटला मी खोटं बोललो. तुमी मला वहाण काढून मारा, पन त्याच्यासंगं जा."

मिल्काबाई पाण्याकडे बघत होत्या.

"ही फरशी मी तीस वर्षं धुतेय," त्या म्हणाल्या. "पाणी कुठे जातं हे तू मला शिकवणार?" त्यांचा आवाज चढला. "मला नको होतं ठाऊक असायला! तुला काय रे त्याचं? तुझं काय जात होतं?"

"माझी गेलीया," जगन म्हणाला. "गोदू. तिच्या गाड्याची चाकं मी अशीच केली व्हती. पोराचं चाक घट्ट ठेवावं, मला म्हाईत व्हतं. मिरवायला म्हणून सैल ठेवली. लोकांना म्हनलो दोष नाय. हौसालासुदीक त्येच म्हनलो. मी मारली तिला, बाय. अकरा वरसं हौसा माज्या ताटात वाढतीया न् तिला ठावं नाय कुनाला वाढतीया."

ओसरीवर काहीतरी पडलं. हौसा उभी होती. पाच दिवस धड न जेवलेल्या नवऱ्याची भाकरी घेऊन ती मागून आली होती. फडकं सुटून भाकरी जमिनीवर पडली होती. तिनं ती उचलली नाही.

"चाकांनी नाय," ती म्हणाली. "अंगणाच्या कवाडाची कडी मी काढली व्हती. पान्याला गेले, भरल्या हांड्यानं परत आले, हात मोकळा नव्हता. म्हनलं, हांडा उतरवून लावते. न् ईसरले." ती चौकट धरून हळूहळू खाली बसली. "तुमी चाकांत दोष नाय म्हनलात, तवा मला वाटलं, कवाडाचा दोष यांनी वळखला. मलाच बोलतायत. म्हून तर इतकी वरसं बोलत नायत."

अकरा वर्षं एका चुलीपाशी दोन माणसं, आणि दोघंही मनात एकच ओझं एकेकटी वाहत होती. ह्याला संसार म्हणायचं की काय म्हणायचं, मला सांगता येत नाही.

"माळ्यावर..." जगन तिच्याकडे वळला. "गाड्याला तेल हाय."

"मी घालते. दर महिन्याला." हौसानं पदरानं नाक पुसलं. "कधी आली तर गाडा जाम नको. रडंल."

मिल्काबाईंनी लुगड्याचा काठ तोंडाशी धरला. मग त्या उठल्या, फडक्यानं फरशीवरचं पाणी पुसलं, हौसाच्या शेजारी जमिनीवर बसल्या आणि पडलेली भाकरी झटकून तिच्या फडक्यात बांधून दिली. आणखी एक लॉरी गेली. म्हैस जागची हलली नाही. जायचं तिथे ती पोचली होती.

"घट्ट करून दे," मिल्काबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जगननं पियानो भिंतीशी नेला, पुन्हा पहारीवर उचलला, वंगण कापडानं पुसून काढलं, चाकांच्या दोन्ही अंगांना जाड चामड्याच्या चकत्या घालून खिळे आवळले. पोराचं चाक. मिल्काबाई दोन दिवस खुर्ची टाकून समोर बसल्या. लॉऱ्या गेल्या, पेल्यातलं पाणी थरथरलं, पियानो भिंतीशीच उभा राहिला. तिसऱ्या दिवशी त्यांनी जगनला मुंबईत सॅमसनला तार करायला सांगितलं: आई येतेय, पियानो शाळेला द्यायचा.

निघायच्या सकाळी त्यांनी जगनला आणि हौसाला बोलावणं धाडलं. बांधाबांध झाली होती, शाळेची लॉरी दुपारी येणार होती. "एकदा खिडकीशी नेऊ या तिला," त्या म्हणाल्या. "आपणहून नको जायला. मी पोचवते."

घट्ट केलेली चाकं मिल्काबाईंच्या एकटीच्या जोरानं तसूभर हलेनात. मग जगननं मागच्या पायाशी खांदा लावला, हौसानं कासोटा खोचून दुसरी बाजू धरली. तिघांनी दम खाऊन लोटलं. म्हैस कुरकुरत, अडत, पावलापावलानं निघाली, आणि प्रत्येक पावलाला तारांतून तो घुमारा उठत राहिला. खिडकीशी आल्यावर मिल्काबाईंनी झाकण उघडलं, एका पांढऱ्या पट्टीवर बोट ठेवलं, पण दाबलं नाही. झाकण मिटून, दाराच्या चौकटीवर लावलेल्या प्रार्थनेच्या नळकांडीला हात लावून तो हात ओठांना टेकवला आणि टांग्यात जाऊन बसल्या. मागे पाहिलं नाही त्यांनी. हौसानं पाहिलं, टांगा नजरेआड होईपर्यंत.

संध्याकाळी हौसानं कोनाड्यातली तेलाची कुपी काढली आणि शिडी लावली. पहिल्या पायरीवर पाय ठेवून थांबली. मग पाय खाली घेतला आणि कुपी जगनपुढे धरली.

"ह्या येळेला तुमी घाला," ती म्हणाली. "गोदूला सांगा, आयनं धाडलंय."

जगन कुपी घेऊन वर चढला. खाली हौसा दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरून उभी होती.